गिटार खाली ठेवणारा माणूस : ‘द डेड वेदर’ आणि त्यांचा पहिला अल्बम

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज आपण एका अमेरिकन रॉक अल्बमबद्दल बोलणार आहोत. व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं, “अहो, सोलापूरचा आणि याचा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सुरुवातीलाच देत नाही, शेवटपर्यंत ते आपोआप मिळेल अशी आशा आहे. नाही मिळालं, तर चहाच्या वेळी आम्हाला पकडा.

पण अल्बमकडे जाण्याआधी आपल्याच घरातली एक गोष्ट आठवू. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे. दोन कंपन्या, दोन गायक्या, दोन्हींचे कडवे भक्त. ‘संयुक्त मानापमान’ म्हटलं की अजूनही जुन्या रसिकांचे डोळे चमकतात, आणि त्यातल्या कुणीही तो प्रयोग पाहिलेला नसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला आख्यायिकेचं तेज चढलं.

इंग्रजीत ज्याला ‘सुपरग्रुप’ म्हणतात तो हाच प्रकार. आधीच नावारूपाला आलेले कलावंत एकत्र येतात आणि लोक कानात तराजू घेऊन येतात. कोण वरचढ ठरला? कुणाला जास्त टाळ्या पडल्या? संगीत ऐकायचं राहतं बाजूला, कुस्तीचा फड सुरू होतो. सोलापूर-कोल्हापूरकडच्या माणसाला कुस्तीचं वावडं नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण गाण्यात दोघांनी एकमेकांना चीत करायचं ठरवलं, तर गाणंच खाली पडतं.

रॉकमध्ये हा प्रकार १९६० च्या दशकात रुजला. १९६६ साली लंडनमध्ये ‘क्रीम’ जमली. तिघेही आपापल्या वाद्यातले बादशहा, आणि नावच ‘साय’. १९६९ मध्ये ‘ब्लाइंड फेथ’ आली, एक अल्बम काढला, त्यात सहा गाणी, आणि बँड संपला. १९८८ मध्ये ‘ट्रॅव्हलिंग विलबरीज’ आले. त्यांनी युक्ती केली, सगळ्यांनी खोटी नावं घेतली. बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन अशी माणसं टोपणनावांनी एकत्र गाऊ लागली. म्हणजे अडचण कुठे आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. अडचण नावाचीच असते.

आता आपल्या विषयाकडे येऊ. बँडचं नाव ‘द डेड वेदर’, अल्बमचं नाव ‘होअरहाउंड’, प्रकाशन जुलै २००९.

चौघांची ओळख करून देतो. पहिला जॅक व्हाइट, जन्म डेट्रॉइटचा. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा दोनच माणसांचा बँड त्याने गाजवला. तो गिटारवर आणि मेग व्हाइट ड्रम्सवर. ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ती सुरावट तुम्ही फुटबॉलच्या मैदानावर हजारो लोकांच्या तोंडून ऐकली असेल. कुणाचं गाणं आहे हे माहीत नसताना माणसं ते गातात. दुसरी ॲलिसन मॉसहार्ट, ‘द किल्स’ या बँडची गायिका. तिसरा डीन फर्टिटा, ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’मध्ये प्रामुख्याने कीबोर्डवर ओळखला जाणारा. चौथा जॅक लॉरेन्स, ‘द ग्रीनहॉर्न्स’ आणि ‘द रॅकॉन्टर्स’चा बासवादक.

हे जमले कसे? २००८ मध्ये ‘रॅकॉन्टर्स’ आणि ‘किल्स’ एकत्र दौऱ्यावर होते. दौऱ्याच्या अखेरीला व्हाइटचा आवाज बसला. काही गाणी मॉसहार्टने उभं राहून म्हटली. दौरा संपल्यावर नॅशव्हिलमध्ये एखादं गाणं करू म्हणून बसले, आणि जानेवारी २००९ मध्ये तीनेक आठवड्यांत अल्बम उभा राहिला. मार्चमध्ये व्हाइटच्या ‘थर्ड मॅन रेकॉर्ड्स’ची नॅशव्हिलमधली वास्तू सुरू झाली, तेव्हा याच बँडने तिथे पहिल्यांदा वाजवलं.

अल्बमच्या नावाबद्दल एक गंमत. होअरहाउंड ही एक कडू वनस्पती आहे. पाश्चात्त्य देशांत खोकल्यावरच्या गोळ्यांमध्ये वापरतात. म्हणजे आपल्याकडे अडुळसा असतो ना, तसंच काहीतरी. नाव का ठेवलं ते त्यांचं त्यांना माहीत. पण बसलेल्या आवाजातून सुरू झालेल्या बँडने घशाच्या औषधाचं नाव घ्यावं, हे आम्हाला फार आवडलं.

आता मुद्द्याचं. या बँडमध्ये जॅक व्हाइट गिटार वाजवत नाही. जवळजवळ संपूर्ण अल्बमभर तो ड्रम्सवर आहे, मागे बसलेला. ज्याची गिटार ऐकायला लोक पैसे मोजतात, त्याने गिटार दुसऱ्याच्या हातात दिली. कुणाच्या? तर कीबोर्डवर ओळखल्या जाणाऱ्या फर्टिटाच्या. आणि मॉसहार्टचं बघा. ‘किल्स’मध्ये ड्रमर नव्हता, ती यंत्राच्या ठेक्यावर गात आली होती. यंत्र चुकत नाही, थकत नाही, आणि तुमच्याकडे बघतही नाही. इथे तिच्या पाठीशी एकदम हाडामांसाचा माणूस आला, जो तिने श्वास घेतला की थांबतो आणि कधी मुद्दाम थांबत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. सुपरग्रुप फसतात ते प्रत्येक जण आपली खुर्ची सोबत घेऊन येतो म्हणून. ‘होअरहाउंड’ जिथे चांगला आहे तिथे तो खुर्च्या बदलल्यामुळे चांगला आहे. आणि जिथे फसलाय, तिथे कुणीतरी हळूच आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसलंय. हे आता गाण्यांतून तपासून पाहू.

त्याआधी दोन शब्दांचे अर्थ स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं हवेत राहील. ‘ब्लूज’ आणि ‘गॅरेज’.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसांचं गाणं. गुलामी कायद्याने संपली तरी शेतावरचं जिणं संपलं नव्हतं, त्या काळातलं. स्वर थोडा उतरवून, घासून लावायचा. ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. आता लगेच कुणी म्हणेल, अरे ही तर आपली जात्यावरची ओवी! थांबा. कष्ट करताना गाणं सुचतं हे दोन्हीकडे खरं. पण ओवी घरातल्या बाईची, उजाडायच्या आतली. ब्लूजच्या मागे चाबूक आहे, तुरुंग आहे, आगगाडीतून पळून जाणं आहे. साम्य दिसलं की फरक पुसायची आपल्याला घाई होते, तेवढी करू नये.

गॅरेज रॉक म्हणजे १९६० च्या दशकातली अमेरिकन पोरं, घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये स्वस्त गिटारी घेऊन जमलेली. येत होतं थोडं, आवाज मोठा. १९७२ मध्ये लेनी के याने त्या विसरलेल्या गाण्यांचा ‘नगेट्स’ नावाचा संग्रह केला, तेव्हा लोकांना कळलं की या कच्चेपणातच काहीतरी होतं.

आपल्याकडेही हे झालंय बरं का. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरायच्या. १९७० आणि १९७१ मध्ये त्यातल्या बँड्सच्या तबकड्या निघाल्या. मुंबई, मद्रास, बंगलोर, कलकत्ता, शिलाँगची पोरं. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची तबकडी पुढे कितीतरी वर्षांनी परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली. पण ते सगळं महानगरांतलं आणि इंग्रजीतलं.

आम्हाला विचाराल तर महाराष्ट्राचा खरा गॅरेज रॉक बेंजोपार्टीत आहे. (हशा) हसू नका. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं बटणांचं तंतुवाद्य केलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग त्याला वीज जोडली, आणि मिरवणुकीत भोंग्यावर चढवलं. आवाज फाटतो, आणि वाजवणाऱ्याला तो फाटलेलाच हवा असतो. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये फाडून घेणारा डेट्रॉइटचा पोरगा आणि आपला बेंजोवाला, दोघांना एकच गोष्ट कळलेली असते. स्वच्छ आवाज प्रत्येक वेळी खरा असतोच असं नाही.

आता अल्बम लावू.

पहिलं गाणं ‘सिक्स्टी फीट टॉल’. साडेपाच मिनिटांचं. पहिल्याच गाण्यात कुणीही असं करत नाही. आधी जवळजवळ काहीच होत नाही. ठेका आहे, पण दबकत. गिटार मध्येच ओरडते आणि गप्प होते. मॉसहार्ट कुजबुजल्यासारखी गाते. आणि मग सगळं कोसळतं. इथे व्हाइटचे ड्रम्स नीट ऐका. आवाज कोरडा आहे. घुमत नाही. हलगी विस्तवावर शेकून कडक केली की तिचा आवाज कसा येतो? टणक, थेट कपाळावर बसणारा. तसा. गिटारवादक ड्रम्सवर बसला की काय होतं ते इथे कळतं. तो ठेका धरून बसत नाही, वाक्यं बोलतो. मध्येच प्रश्न विचारतो. गायिकेच्या ओळीत रिकामी जागा दिसली की तिथे उत्तर ठेवतो. तालाच्या शिस्तीत बसणाऱ्याला हे खटकेल. आम्हालाही एक-दोन ठिकाणी खटकलं. पण गाणं जिवंत राहतं ते त्यामुळेच.

‘हँग यू फ्रॉम द हेवन्स’ हे बँडचं पहिलं प्रसिद्ध झालेलं गाणं. सरळ, रागीट, पकड घेणारं. ‘आय कट लाइक अ बफेलो’ व्हाइटने लिहिलेलं आणि त्यानेच गायलेलं. त्यात ऑर्गन आहे, रेगेसारखा लंगडता ठेका आहे, आणि मध्येच घसा दाबल्यासारखे आवाज काढलेत. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. तिसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येतो. हे गाणं म्हणजे जुनी खुर्ची. मालक परत आले, आणि मालक विनोद करतायत म्हणून सगळे हसले.

याच्या लगेच पुढे ‘सो फार फ्रॉम युअर वेपन’. हे मॉसहार्टने लिहिलंय. इथे ती चढत नाही, ओरडत नाही, पायरी पायरीने पुढे येते. मागचे तिघे कोरसात तिला उत्तर देतात. आमच्या मते अल्बमचं मन इथे आहे. बँड तिचा आहे हे या गाण्यात कळतं. पोस्टरवर मोठं नाव कुणाचंही असो.

‘ट्रीट मी लाइक युअर मदर’मध्ये दोघं भांडतात. तू मला तुझ्या आईसारखं वागव, असा त्या नावाचा अर्थ. जोनाथन ग्लेझरने केलेल्या त्याच्या व्हिडिओत व्हाइट आणि मॉसहार्ट एका मोकळ्या जागेत समोरासमोर येऊन एकमेकांवर बंदुका चालवतात. आता हे गाणं चौघांचं मिळून आहे, आणि तसं ते वाटतं. कुणाचा आवाज कुठे संपला आणि कुणाचा सुरू झाला ते पहिल्या ऐकण्यात कळत नाही. दोघांचे आवाज इतके सारखे होतात की बाई कोण, पुरुष कोण हा प्रश्नच मागे पडतो. मघाशी आपण संयुक्त ‘मानापमान’ची गोष्ट केली. भामिनी कोण होतं? बालगंधर्व. आवाजाला लिंग नसतं, भूमिका असते, हे मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवायची गरज नाही.

पण फरकही बघा. ‘संयुक्त मानापमान’मध्ये दोघांनी आपापली जागा सोडली नाही. सोडायचीही नव्हती. लोक आले होते तेच मुळी प्रत्येकाला आपल्या जागी, पण समोरासमोर पाहायला. एका रात्रीसाठी ते पुरतं. अल्बमला नाही पुरत. अल्बम माणूस पुन्हा पुन्हा लावतो. दुसऱ्या वेळी तराजू घरीच ठेवलेला असतो, मग उरतं ते गाणं.

‘न्यू पोनी’ हे बॉब डिलनचं, त्याच्या १९७८ च्या ‘स्ट्रीट लीगल’ अल्बममधलं. आणि डिलनच्याही मागे चार्ली पॅटनचं १९२९ चं ‘पोनी ब्लूज’ उभं आहे. घोड्याच्या आडून माणसाबद्दल बोलायची ही ब्लूजची जुनी रीत. डिलनच्या गाण्यात पुरुष बोलतो, इथे ते मॉसहार्टच्या तोंडी येतं, आणि अर्थ उलटतो. घोडी कोण आणि मालक कोण? गाणं फिरवलंय. परंपरेतली चीज घेऊन तिला नवा जीव देणं याला आपल्याकडे मोठा मान आहे. तो इथे द्यायला हरकत नाही.

आता दोष. स्पष्टच बोलू. मधल्या भागात अल्बम ढिला पडतो. ‘थ्री बर्ड्स’ ही शब्दांविना केलेली रचना आहे. वातावरण छान, पण पुढे काय? चांगल्या हॉटेलात बसवलं, पाणी आणून दिलं, आणि मग ऑर्डर घ्यायला कुणी आलंच नाही, असं होतं. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. शब्दांत धमक्या फार आहेत. टांगीन, कापीन, हत्यार. भीती दाखवायची हौस दिसते, भीती दिसत नाही. जुन्या ब्लूजमध्ये संकट खरं असायचं, पूर, उपासमार, कोठडी. इथे कधी कधी संकट कपड्यांसारखं अंगावर घातलंय. काळं लेदर जाकीट.

आणि हा प्रश्न टाळता येत नाही. गोऱ्या, यशस्वी माणसांनी ब्लूज गायचा हक्क काय? व्हाइटने स्वतः सांगितलंय की सन हाउसचं ‘ग्रिनिन इन युअर फेस’ हे त्याचं सर्वांत आवडतं गाणं. त्या ध्वनिमुद्रणात काय आहे? एका माणसाचा आवाज आणि टाळ्या. बाकी काही नाही. गिटारही नाही. सन हाउस १९३० मध्ये मुद्रित झाला, मग जगाने त्याला विसरून टाकलं, आणि १९६४ मध्ये शोधून काढलं. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्या वाट्याला विस्मृती, आणि ज्यांनी ते ऐकून शिकलं त्यांच्या वाट्याला स्टेडियम. हा हिशेब कुठल्याही एका अल्बमने फिटणार नाही. तमाशा-लावणीचा इतिहास माहीत असलेल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. फडात कोण नाचलं आणि नाव कुणाचं झालं, हे आपण पाहिलंय.

मग काय, ऐकायचंच नाही? आम्हाला तसं वाटत नाही. आम्ही एवढंच बघतो की कलावंत त्या ऋणासमोर कसा उभा राहतो. छाती काढून, की मान खाली घालून. आणि याचं उत्तर आम्हाला शेवटच्या गाण्यात मिळालं. ‘विल देअर बी इनफ वॉटर’. पुरेसं पाणी असेल का? सहा मिनिटांहून मोठं, अतिशय संथ. सगळ्या धमक्या संपलेल्या. दोघं मिळून हळू गातात. ठेका इतका विरळ की दोन ठोक्यांच्या मध्ये आपला श्वास ऐकू येतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात या गाण्याला व्हाइट ड्रम्सवरून उठून पुढे यायचा आणि गिटार हातात घ्यायचा. रात्रभर खाली ठेवलेली गिटार. तेव्हा ती मिरवण्यासाठी राहिलेली नसायची.

आता त्या ज्येष्ठ श्रोत्यांचा प्रश्न. सोलापूरचा संबंध काय?

पुरेसं पाणी असेल का, हे शीर्षक सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागतं का? (हशा) हे आमचं वाचन आहे, गाण्याचा तो उद्देश नाही. पण गाणं आपल्या गावात आलं की आपल्या गावचं पाणी पितं.

आणि दुसरं. जॅक व्हाइट संगीतात नाव काढण्याआधी डेट्रॉइटमध्ये खुर्च्या-सोफ्यांना गादी-कापड चढवायचं काम करायचा. त्याच्या दुकानाचं नाव ‘थर्ड मॅन अपहोल्स्टरी’. तेच नाव पुढे त्याने रेकॉर्ड कंपनीला दिलं. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, कारखाने ओसरले आणि शहर रिकामं होत गेलं. आपल्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले ते सोलापूर काही वेगळं सांगत नाही. पूर्व भागात आजही गल्लीतून जाताना यंत्रमागाचा खटका ऐकू येतो. आम्ही काही जण एका संध्याकाळी तिथल्याच एका घरी हा अल्बम ऐकत होतो. खिडकी उघडी होती. दुसरं गाणं संपलं आणि शांततेत बाहेरचा माग ऐकू आला. एका मित्राने विचारलं, “हे पण रेकॉर्डिंगमध्येच आहे का?” घरातले आजोबा, ज्यांचा जन्म मागावर गेला, ते म्हणाले, “तो माग नीट चालत नाहीये. धागा तुटलाय.” आम्हाला ठेका ऐकू येत होता, त्यांना तुटलेला धागा ऐकू आला.

समीक्षा म्हणजे तेच असावं असं आम्हाला वाटतं. ठेक्यावर मान डोलावताना तुटलेला धागा ऐकू यायला हवा. ‘होअरहाउंड’मध्ये तीन-चार ठिकाणी धागा तुटलाय, ते आम्ही सांगितलं. तरी कापड टिकाऊ आहे. या चौघांनी पुढे २०१० आणि २०१५ मध्ये आणखी अल्बम काढले. ते आवर्जून ऐका, पण सुरुवात याच्यापासून करा.

आपल्या शहरात आज पोरं बँड काढतायत. कुणी मराठीत गातं, कुणी कानडीत, कुणी तेलुगूत, कुणी तिन्ही मिसळून. त्यांच्यासाठी एकच सांगणं. चार चांगले वाजवणारे एकत्र आले की चांगला बँड होतो हा गैरसमज आहे. त्यातल्या सगळ्यात चांगल्या माणसाला विचारा, बाबा रे, तू तुझं वाद्य खाली ठेवशील का? तो ‘हो’ म्हणाला, तर तालमीला बसा.

प्रश्नोत्तरांकडे वळू.